तार काढली तरी

सिग्नल अजून लालच होता. पुढे उभ्या असलेल्या बसचा धूर थेट नाकात जात होता म्हणून त्याने हँडल जरा डावीकडे वळवलं, आणि तेवढ्यात हेडलाइटच्या वर, वेगाच्या काट्याशेजारी बसवलेला वाटाण्याएवढा दिवा लागला. तोही लाल. इंजिनातल्या तेलाचा दाब गेला की लागणारा दिवा. गाडी बिघडली की माणूस वैतागतो, शिव्या घालतो, घड्याळ बघतो; हा घाबरला, आणि असा घाबरला की आधी बोटं गार पडली आणि मग कानांत स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकू यायला लागले. त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं. नेमका सिग्नल सुटला. मागे हॉर्नचा एकच गिल्ला उठला, एका टेम्पोवाल्याने जाता जाता त्याच्या आणि गाडीच्या वयाचा एकत्रच उद्धार केला. तो मात्र एका पायाने रस्ता रेटत, ती जड जुनी मोटारसायकल ढकलत कडेला आला आणि पदपथाला चाक लागल्यावरच थांबला. दिवा लागला की आधी इंजिन बंद, विचार नंतर. हा त्याचा नियम होता. वडिलांचा नव्हता.

वडिलांची गाडी, पण नियम वडिलांचा नव्हता. वडील म्हणायचे, दिवा खोटा आहे. कुठलाही दिवा. गाडीवरचाही, आणि घरातलाही. घरातला दिवा म्हणजे आई. कुणाला यायला उशीर झाला, कुणी शिंकलं, आभाळ भरून आलं, दाराची कडी नीट लागली नाही, की आईला काळजी लागायची, आणि मग वडील पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "लागला दिवा." दोघं बहीणभाऊ खिदळायचे. आईसुद्धा हसायची, पण खिडकीपाशी उभी राहूनच हसायची. एकदा सुट्टीत वडील त्याला मागे बसवून लांबवर निघाले, तेव्हा आई म्हणाली होती, आज नका जाऊ, मला बरं वाटत नाहीये मनाला. घरातला दिवा. पुलाच्या चढावर वडिलांच्या काखेखालून त्याला पुढचा दिवा दिसला. "बाबा, लाल लागलाय." "खोटा आहे तो." त्यानंतर फार वेळ गेला नसेल. इंजिनातून कुणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज आला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. गाडी पुढे जात होती आणि चाक फिरत नव्हतं, एवढंच त्याला आठवतं. आणि मग आडवा झालेला रस्ता, करपलेल्या तेलाचा वास, आणि आपल्या अंगाखाली वडिलांचं अंग. इंजिन पकडलं, असं नंतर मेकॅनिक म्हणाला. तेल संपलं की लोखंड लोखंडाला पकडतं आणि सोडत नाही. वडिलांनी घरी आल्यावर फाटक्या विजारीची थट्टा केली, आईने कापसाने खरचटलेलं पुसलं. त्या दिवशी दोन्ही दिवे खरे होते, पण ते कुणी मोजलं नाही. इंजिन नव्याने बांधून घेतलं गेलं, गाडी पुढे कितीतरी वर्षं चालली, वडील गेले, गाडी त्याच्याकडे आली. तो तिला डोळ्यांत तेल घालून जपत होता, आणि तिच्यावर बसताना आजवर एकदाही पूर्ण निर्धास्त झालेला नव्हता. मग चालवायची कशाला, असं त्याला ताई विचारायची. याचं उत्तर त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. विकली तर वडिलांना खोटं ठरवल्यासारखं वाटलं असतं, असं काहीसं असावं.

घर फार लांब नव्हतं. तो गाडी ढकलत निघाला. थंडीचे दिवस, तरी पाठ घामाने भिजली. शर्टाच्या खिशातली प्लास्टिकची डबी प्रत्येक पावलाला छातीवर टकटक करत होती. डबीत आईची कवळी होती, वरची आणि खालची; खालची आज पुन्हा एकदा घासून आणलेली. कवळ्या बनवणं हाच त्याचा धंदा. दातांच्या डॉक्टरांचे दवाखाने असलेल्या गल्लीत, मागच्या बाजूला, एका बिनखिडकीच्या खोलीत तो बसायचा. मेणाचा वास, प्लास्टरची भुकटी, आणि कवळीच्या हिरड्या बनवायच्या गुलाबी द्रवाचा डोळ्यांत जाणारा गोडसर भपकारा. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. त्याला माणसं माहीत नव्हती, जबडे माहीत होते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे, हा दात बसवून परत पाठवायचा, आणि तक्रार आली तर फोनवर एकच शब्द यायचा. टोचते. हलते. आवळते. तेवढ्या शब्दावर त्याला कळायचं कुठे घासायचं आणि किती. टोचते म्हणजे कडेला टोक राहिलंय. हलते म्हणजे हिरडी बसलीय, खाली भर द्यायला हवी. आवळते म्हणजे कवळी तंग आहे, आतून सैल करायची. इतकी वर्षं झाली, त्याचा अंदाज चुकला नव्हता. बाकी आयुष्यात बऱ्याच गोष्टी राहूनच गेल्या, लग्नही राहूनच गेलं, पण हातात कला होती, आणि त्या हाताचा त्याला मोठा आधार होता.

म्हणून आईची कवळी त्याने दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. माप डॉक्टरने घेतलं, बाकी सगळं त्याने. रंग निवडताना तिचे जुने फोटो काढून बसला होता. दात बसले तेव्हा ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "अरे, ही तर मी आहे." त्याला भरून आलं होतं. सहा महिने ती सगळं खात होती, कडक पावसुद्धा. मग थंडी पडली आणि एके दिवशी त्याने पाहिलं, ती जिना चढून दारात आली आणि चपला न काढता तशीच उभी राहिली, डावा हात डाव्या जबड्यावर. चेहरा उतरलेला. "काय गं, टोचतं का?" त्याने विचारलं. "टोचत नाही रे." ती शब्द शोधत होती. "आवळतं." खरं सांगायचं तर त्याला हायसंच वाटलं. ओळखीचा शब्द. घाबरण्यासारखं काही नव्हतं, आतून सैल करायची. त्याने करून दिली. दोन दिवसांनी पुन्हा, बाजारातून आल्यावर, हात जबड्यावर. "अजून आवळतंच आहे बघ. बसलं की जातं." मग त्याने निळा कागद तिच्या दातांमध्ये धरला, चावून घेतलं, जिथे निळा डाग जास्त पडला तिथे घासलं. पुन्हा आवळलं. पुन्हा घासलं. जिना चढतानाच का, याचंही उत्तर त्याने काढलं होतं: तिसरा मजला, लिफ्ट नाही, ती दात-ओठ आवळून चढते, सगळा जोर खालच्या कवळीच्या डाव्या बाजूवर येतो. उत्तर इतकं सरळ होतं की सांगताना तो खूशच झाला होता. "आई, तोंड जरा उघडं ठेवून चढत जा," असंही त्याने तिला सांगितलं. ती बिचारी तोंड उघडं ठेवून चढायला लागली, आणि आता तर तिला तसंच चढावं लागत होतं, कारण दम लागत होता. दमाबद्दल ती म्हणाली, वय झालं.

ताईचा फोन यायचा. ती दुसऱ्या गावात, तिथून उंटावरून शेळ्या हाकायची. "आईला डॉक्टरला दाखव." "कवळीचं आहे गं ते." "मग कवळीच्या डॉक्टरला दाखव." "कवळीचा डॉक्टर मलाच फोन करणार ना? मी बघतोय." "किती दिवस बघतोयस? माझ्या दाताच्या कण्या झाल्या तुला सांगून सांगून." यावर तो तिला म्हणायचा, तुलाही कवळी करून देतो, आणि विषय हसण्यावारी जायचा. पण फोन ठेवल्यावर भीती उरायची. त्याला दोन भीती होत्या आणि तो त्यांची सरमिसळ करत होता. एक आईची. वडील गेल्यापासून तो सकाळी डोळे मिटूनच पडून राहायचा, स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज येईपर्यंत. आवाज आला की मग उठायचा. ती गेली तर या घरात भांडंसुद्धा वाजणार नाही, हे त्याला अगदी स्पष्ट दिसायचं. दुसरी भीती हाताची. सगळ्या शहराच्या तोंडात आपले दात बसतात आणि सख्ख्या आईच्या तोंडात बसत नाहीत, म्हणजे हात गेला. डोळे गेले असतील, बोटांतली जाण गेली असेल. ही दुसरी भीती जास्त बोलकी होती, त्यामुळे पहिलीला बोलायला जागाच मिळत नव्हती. काल रात्री त्याने कवळी घेऊन निरखली तेव्हा ती आतून इतकी घासली गेली होती की तोंडात नुसती लटकत असणार. तरी सकाळी निघताना तो म्हणाला, "आज दे माझ्याकडे, एकदा शेवटची नीट करून आणतो." तिने तोंडातून काढून, धुऊन, डबीत घालून दिली. "दिवसभर मऊ भातावर राहीन," ती म्हणाली. बोळक्या तोंडाने बोलताना तिला अजूनही लाज वाटायची, मुलासमोरसुद्धा, रुमाल धरायची.

तो इमारतीच्या पार्किंगमध्ये पोचला तेव्हा उन्हं कलली होती. खांबाशेजारची जागा त्याची. त्याने गाडी मधल्या स्टँडवर चढवली, अंगातला कोट काढला आणि आधी तेलाची काडी बाहेर काढली. पुसली, बुडवली, पुन्हा काढली. तेल होतं. वरच्या खुणेपर्यंत, मधाच्या रंगाचं, स्वच्छ. जीव भांड्यात पडायला हरकत नव्हती, पण पडला नाही. तेल असणं निराळं आणि दाब असणं निराळं. खाली तेल भरलेलं असेल आणि पंपच मेला असेल तर वर थेंब पोचत नाही, आणि बाहेरून काहीच कळत नाही. बाहेरून गाडी चांगली दिसते. तो उकिडवा बसून इंजिनाकडे बघत राहिला. तापलेलं लोखंड निवताना टिक टिक वाजत होतं. त्या आवाजाचीही त्याला भीती वाटली.

"काय, आज गाडीने तुला आणलं की तू गाडीला?" तळमजल्यावरचे मीटरकाका आले. वीज कंपनीतून निवृत्त झालेले, आयुष्यभर लोकांच्या घरची मीटरं वाचलेली, आणि आता वाचायला काही नाही म्हणून पार्किंगमध्ये जो सापडेल त्याला वाचायचे. "तेलाचा दिवा लागला," तो म्हणाला. "तेल आहे?" "आहे." "मग घाबरतोस कशाला? तोंड बघ स्वतःचं, पांढरं पडलंय. दिवा काढून टाक. माझ्या मेव्हण्याने काढून टाकला होता, पुढे कधी लागला नाही." "लागणार कसा, काका?" "तेच म्हणतोय ना मी." काकांनी खिशातला टेस्टर बाहेर काढला. तो त्यांच्या खिशात नेहमीच असायचा, काही माणसांच्या खिशात कंगवा असतो तसा.

गाडीचा हा दिवा कसा लागतो ते त्याला माहीत होतं. पुलावरच्या त्या दिवसानंतर त्याने ते मुद्दाम समजून घेतलं होतं. इंजिनाच्या अंगात बोटभर लांबीचा एक स्विच असतो. तेलाचा दाब आला की त्या स्विचमधला जोड तुटतो आणि दिवा विझतो. दाब गेला की तो जोड जुळतो, तारेतून वीज इंजिनाच्या लोखंडात उतरते आणि दिवा लागतो. स्विचपासून वर दिव्यापर्यंत एकच तार. म्हणजे दिव्याला इंजिनाबद्दल जे काही कळतं ते त्या एका तारेतून. तो गुडघ्यावर बसून स्विच चाचपायला लागला, एवढ्यात फाटकाच्या बाजूने चपलांचा ओळखीचा आवाज आला. आई. हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात तोंडावर धरलेला रुमाल. चालता चालता ती थांबली. "काय झालं रे गाडीला?" "काही नाही. दिवा लागला." "पडला नाहीस ना?" "नाही गं." तिने त्याच्याकडे नीट बघितलं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, कारण त्याच क्षणी स्विचच्या टोकावरची रबरी टोपी त्याच्या बोटांना सापडली होती आणि ती निसटू द्यायची नव्हती. "आज जरा जास्तच आवळतंय," ती रुमालातून म्हणाली. "आणलीय मी सैल करून. तू हो वर, मी आलोच," तो म्हणाला. "बरं," आई म्हणाली, आणि मीटरकाकांना, "बघा हो याच्याकडे जरा, किती घाबरलाय." तिच्या चपला जिन्याकडे गेल्या. पहिल्या काही पायऱ्या ऐकू आल्या, मग काकांनी बोलायला सुरुवात केली.

त्याने टोपी मागे सरकवून तार ओढली. तार सुटली. आता दिव्याचा आणि इंजिनाचा संबंध संपला. तारेचं टोक कशालाही लागू नये म्हणून त्याने ते हवेत धरलं. "काका, चावी फिरवा. नुसती चावी, किक नको." त्याला वाटलं होतं, दिवा लागणार नाही. मग स्विच तपासायचा, मग दाब मोजायचा, आणि मग बहुधा इंजिन खोलायचं. मनात त्याने ते सगळं खोलून जमिनीवर मांडलंही होतं. काकांनी चावी फिरवली. "लागला," काका म्हणाले. "काय लागला?" "दिवा. चांगला लालभडक." तो उठून बघायला गेला. दिवा लागलेला होता. हातातली तार हवेत, आणि दिवा लागलेला.

"तार काढली तरी लागतोय," काका म्हणाले, "म्हणजे स्विच गेला तुझा." "अहो काका, स्विच आता यात आहेच कुठे?" त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "स्विच नाही, पंप नाही, इंजिन नाही. सगळी बाजूला काढली आपण. तरी दिवा लागतोय, म्हणजे इंजिनाचं म्हणणं नाहीच हे. मध्येच कुठेतरी दुखतंय." त्याने हँडल उजवीकडे वळवलं. दिवा विझला. डावीकडे वळवलं. लागला. सिग्नलला बसचा धूर चुकवताना आपण हँडल डावीकडेच वळवलं होतं, हे आठवून त्याला हसू आलं. सीट काढली, टाकी मागून उचलून खाली लाकडाचा तुकडा सरकवला, आणि काकांनी बॅटरीचा उजेड पाडला. जिथे हँडलचा दांडा फ्रेमच्या मानेत शिरतो तिथे तार फ्रेमला घासून घासून सोलली होती. नखाएवढं तांबं उघडं पडलेलं. हँडल डावीकडे वळलं की ते तांबं लोखंडाला टेकायचं, आणि वर दिवा बोंब मारायचा. बस, एवढंच. पंप ठीक, तेल ठीक. त्याने तार पुसून चिकटपट्टी गुंडाळली, घासणार नाही अशी बाजूला बांधली, टोक पुन्हा स्विचवर बसवलं. आता खरी परीक्षा होती. चावी फिरवल्यावर दिवा लागला, तसा लागायलाच हवा; इंजिन बंद असताना दाब कुठला. मग त्याने किकवर पाय ठेवला आणि क्षणभर त्याचा पाय खाली जाईना. पुलावरचा तो आवाज पुन्हा कानांत आला. त्याने डोळे मिटून किक मारली. इंजिन लागलं, आणि दिवा विझला. त्याने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. दिवा विझलेलाच. काकांनी टेस्टर खिशात घातला, जणू सगळं त्यांनीच केलं होतं.

कितीतरी दिवसांनी त्याला इतकं हलकं वाटलं. इंजिन बंद केल्यावरही तो बोलत राहिला. घाबरलेला माणूस सुटला की बडबडतो तसा. "कळलं ना, काका? ज्याच्यावर संशय आहे, त्याला आधी पूर्ण बाजूला काढायचं. नुसतं खरवडत नाही बसायचं. बाजूला काढायचं आणि बघायचं, दिवा जातो का. गेला तर दोष त्याचा. नाही गेला, तर त्याला उगाच कशाला..." हात पुसायला काही हवं होतं म्हणून तो बोलता बोलता खिसा चाचपत होता. रुमाल सापडला नाही, डबी सापडली. त्याने ती बाहेर काढली, आणि काय बोलत होता ते तिथेच थांबलं. डबी बंद होती. सकाळपासून बंद होती, फक्त त्याच्या मेजावर थोडा वेळ उघडली होती. कवळी आत होती. कवळी सकाळपासून त्याच्याकडे होती, आणि मघाशी इथे उभी राहून आई म्हणाली होती, आज जरा जास्तच आवळतंय. काय आवळतंय? तोंडात काही नव्हतंच. तिच्या तोंडात हिरड्या होत्या आणि रुमाल होता. "काय रे?" काका विचारत होते. त्याला सगळे शब्द एकदम ऐकू आले, एकेक करून नाही. बसलं की जातं. जिना चढताना. थंडीत. डाव्या बाजूला. दम लागतो. वय झालं. हे शब्द त्याने महिनाभर रोज ऐकले होते आणि रोज त्यातला एकच उचलून मशीनवर नेला होता. दात बनवणाऱ्याच्या आईचा जबडा दुखला, तर ती दाताबद्दलच बोलत असणार. असं घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, आणि सगळ्यांच्या आधी त्याने. छातीचं दुखणं जबड्यात येतं हे त्याला माहीत नव्हतं असंही नाही. दवाखान्यांच्या गल्लीतल्या एका डॉक्टरने मागे एकदा हसत हसत सांगितलं होतं, दाढ काढायला आलेला एक माणूस सरळ मोठ्या इस्पितळात पाठवावा लागला म्हणून. त्यानेही हसूनच ऐकलं होतं.

"काका, गाडी बोलवा," तो म्हणाला. "कुठली गाडी? ही झाली ना सुरू?" "इस्पितळाची. आईसाठी. आत्ता, लगेच." काकांचं तोंड उघडंच राहिलं, पण हात फोनकडे गेला. तो जिन्याकडे पळाला. पहिला मजला. ती वर पोचली असेल, गॅसवर चहा ठेवला असेल, दार उघडं ठेवलं असेल. दुसरा मजला. दार उघडं ठेवलेलं असेल तर वरून उजेड दिसायला हवा होता. दिसत नव्हता. ओरडावं असं वाटत होतं आणि ओरडल्यावर वरून उत्तर आलं नाही तर काय, या भीतीने तो ओरडत नव्हता.

ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर बसली होती. भिंतीला पाठ टेकवून, भाजीची पिशवी मांडीशी धरून. जागी होती. कपाळावर घामाचे थेंब होते, त्या थंडीत. त्याला बघून तिने सवयीने रुमाल शोधला, सापडला नाही, तेव्हा हातच तोंडावर धरला. "बरं झालं आलास," ती म्हणाली. एकेका शब्दाला श्वास घेत होती. "मला सांगायचंच होतं तुला. सकाळपासून कवळी तुझ्याकडे आहे ना? तरी आवळतंय. इथे." तिने जबड्याला हात लावला, मग तोच हात गळ्यावरून छातीवर आणला, आणि डाव्या दंडावर नेऊन थांबवला. "आज तर इथपर्यंत. म्हणजे तुझ्या कवळीत काही खोट नाही रे. दात चांगलेच झालेत. मी इथे बसल्या बसल्या विचार केला, याला आधी हे सांगायला हवं. बिचारा किती दिवस जिवाला लावून घेऊन बसलाय." आणि ती हसली. बक्षीस द्यावं तसं तिने ते सांगितलं होतं, आणि त्याला आयुष्यात कुठल्याच वाक्याची इतकी भीती वाटली नव्हती.

तो तिच्याजवळच्या पायरीवर बसला. "मघाशी खाली का नाही सांगितलंस?" "तू कामात होतास. तोंड बघितलं तुझं, एवढंसं झालेलं. म्हटलं, एक काळजी आहे ती पुरे आहे." ती पिशवी सावरत उठायला लागली. "चल, थोडंच राहिलंय, चढते हळूहळू." "नाही. अजिबात हलायचं नाही." "अरे, जिन्यात बसलेलं बरं दिसतं का? लोक काय म्हणतील?" "म्हणू देत. काकांना गाडी बोलवायला सांगितलीय." "गाडी कशाला? मला काय दोन पायऱ्या चढता येत नाहीत?" "आई, बोलू नकोस ना. नुसती बस." त्याने तिचा हात धरला. तो गार होता आणि ओला होता. कुठे घासायचं, किती घासायचं हे त्याच्या बोटांना नेहमी कळायचं. आता त्याच बोटांनी तो तिच्या मनगटावर ठोका शोधत होता आणि तो तिचा की स्वतःचा हेही त्याला कळत नव्हतं. खालून काकांचा आवाज येत होता, कुणालातरी पत्ता सांगत होते, जोरजोरात, डावीकडे वळा, डावीकडे. तो देवाला मानणाऱ्यांपैकी नव्हता, आणि तरी तो मनातल्या मनात कुणालातरी विनवत होता की हा दिवा खोटा निघू दे. एवढा एकच. कुठेतरी एखादी तार सोललेली असू दे.

मग रस्त्यावरून सायरन ऐकू यायला लागला. आधी लांबून, मग चौकात, मग आवाज वळून गल्लीत शिरला. आईने मान वर केली. जन्मभराच्या सवयीने तिच्या चेहऱ्यावर ती जुनी काळजी उतरली, खिडकीपाशी उभी असताना उतरायची तीच. दुखणं विसरून ती कान देऊन ऐकत राहिली.

"बघ ना," ती म्हणाली, "या वेळेला कुणाला काय झालं असेल बिचाऱ्याला."

आवाज फाटकाशी येऊन थांबला. "आपल्याकडेच आलीय, आई," तो म्हणाला.

तिने पिशवी बाजूला ठेवली. त्याचा तेलाने काळा झालेला हात तिने दोन्ही हातांत धरला, आणि सोडला नाही.